एकशे त्रेसष्ट चिठ्ठ्यांची नोंद

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या खामतीर वस्तुसंग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख माननीय विश्वजीतराव वाकळे साहेब, मुंबईहून सकाळच्या विमानानं आलेले आपले सल्लागार माननीय ऋतुराज गुप्ते साहेब, व्यासपीठावर स्थानापन्न झालेले सर्व विश्वस्त, आमच्या सहायक अभिरक्षक अमृता पगारे ताई, दालनांत उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगवून घेतलेले माझे सहकारी, या शहरातले जाणते नागरिक, आणि तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसलेल्या, सिल्लोड तालुक्यातून दोन गाड्या बदलून आलेल्या कडूबाई फरकाडे, आपणा सर्वांना या संघपाल नरवडेचा सविनय जय भीम आणि नमस्कार.

आज संध्याकाळी सहा वाजता मी सेवानिवृत्त होतो. चौतीस वर्षांपूर्वी इथं शिपाई म्हणून लागलो, मग दालनात पहारेकरी झालो आणि गेली सोळा वर्षं नोंदवही सांभाळतो. संग्रहालयात जी वस्तू येते तिचा क्रमांक, वर्णन आणि देणाऱ्याचं नाव मी लिहितो. मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी मघाशी कानात सांगितलं, "नरवडे, थोडे भावुक व्हा, पण आटोपशीर." भावुक होण्याचा प्रयत्न करतो. आटोपशीरपणाचं मात्र वचन देत नाही. चौतीस वर्षं या सभागृहात मी इतरांच्या भाषणांसाठी खुर्च्या मांडल्या, त्या भाषणांपैकी एकही पाच मिनिटांत संपलेलं माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा परंपरा मोडण्याचं पाप शेवटच्या दिवशी मी का करावं?

माझ्याआधीच्या वक्त्यांनी माझं फार कौतुक केलं. निष्ठावान, प्रामाणिक, अबोल. अबोल हा शब्द तिघांनी वापरला. संस्थेत अबोल माणसाची किंमत काय असते ते त्या तिघांच्या स्वरावरून कळत होतं. पण मला आज माझ्याविषयी बोलायचं नाही. संस्थेच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं लोकशाही कार्य गेल्या वर्षी झालं, त्याचा मी एक हमाल होतो. त्याची हकीकत सांगतो.

गेल्या वर्षी मंडळानं ठरवलं की पुढच्या दहा वर्षांत संग्रहालयानं कोणत्या दिशेनं जावं हे जनतेला विचारायचं. किती थोर विचार. तीस-पस्तीस वर्षं आपण जनतेला एकच गोष्ट विचारत होतो, "तिकीट काढलं का?" आता पहिल्यांदाच दुसरा प्रश्न विचारणार होतो. त्यासाठी गुप्ते साहेबांची नेमणूक झाली. साहेब आले, दालनं पाहिली. लोकजीवन दालनात ते चार मिनिटं होते. मी दाराशी उभा होतो म्हणून माहीत आहे. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "पोटेन्शियल आहे." मला वाटलं, दालनाविषयी म्हणाले. नंतर कळलं, जागेविषयी म्हणाले होते.

पहिल्या टप्प्यात फाटकावर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र लावलं. मोबाईल समोर धरायचा आणि प्रश्नावली भरायची. प्रश्नावली इंग्रजीत होती. महिन्याभरात एकेचाळीस उत्तरं आली. त्यातली नऊ आमच्याच कर्मचाऱ्यांची होती, कारण तसं परिपत्रक निघालं होतं. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी विचारलं होतं की बीबी का मकबऱ्याला इथूनच जातात का. एका गृहस्थानं चुकून लग्नाची पत्रिका पाठवली. अहवालात त्याची गणना "समाजाचा भावनिक प्रतिसाद" या सदरात झाली आहे.

मग दुसरा टप्पा. प्रत्यक्ष जनसंवाद. दिवस ठरला सोमवार, सकाळी अकरा. सोमवारी आपलं संग्रहालय बंद असतं, त्यामुळं जनतेचा त्रास संग्रहालयाला होणार नव्हता. ठिकाण ठरलं जालना रोडवरच्या हॉटेलातलं वातानुकूलित सभागृह. महिना ठरला जून. खेड्यातल्या जीवनावर खेड्यातल्या माणसांशी चर्चा, आणि ती ऐन पेरणीत. पण त्या वर्षी पाऊस लांबला होता, माणसं बांधावर आभाळाकडं बघत बसली होती, म्हणून आली. सभेच्या यशाचं श्रेय अहवालात नियोजनाला दिलं आहे. मी ते हवामान खात्याला देतो.

सभेच्या आधी चार दिवस मला मोबाईलवर आदेश आला. शब्द असे होते, "नरवडे, चाळीस जनता लागेल. शक्यतो पारंपरिक वेशात."

आता चाळीस जनता कुठून आणावी? माझ्यापुढं नोंदवही होती. त्यात देणगीदारांची नावं आणि गावं होती. ते कसं, ते थोडक्यात सांगायला हवं. आपले संस्थापक टाकळीकर सर शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात एक जुनी जीप मिळवली आणि गावोगाव फिरून लोकांच्या घरातल्या, वापरातून गेलेल्या वस्तू गोळा केल्या. लासूर स्टेशनपासून फर्दापूरपर्यंत. वस्तू जीपवर चढवायला मी होतो. प्रत्येक दारात सर एकच वाक्य बोलायचे, "ही वस्तू तुमचीच राहील. आम्ही फक्त सांभाळणार. कधीही या आणि बघा, तुम्हाला कुणी अडवणार नाही." आणि शेजारी दोर आवळत उभा असलेला मी मान हलवायचो. म्हणजे ते वचन दोघांनी दिलं होतं. त्यातला एक वारला. दुसरा मी.

तर त्या वहीतली नावं काढून मी गावोगाव फोन लावले. काही देणारे हयात नव्हते, त्यांची मुलं-सुना आली. अडतीस माणसं जमली. पारंपरिक वेशाचं मी कुणाला बोललो नाही. कडूबाई नऊवारी नेसून आल्या, कारण त्या रोजच नेसतात. दारात त्यांचे चार फोटो निघाले. मला त्या विचारत होत्या, "आरं, आल्याआल्या फोटू कशाला काढतंय हे? आधी पाणी तरी द्या म्हणावं."

गुप्ते साहेबांनी प्रास्ताविक केलं. पडद्यावर रंगीत वर्तुळं दाखवली. मग प्रत्येकाला चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या दिल्या. पिवळ्यावर अपेक्षा, गुलाबीवर स्वप्न, हिरव्यावर आव्हान लिहायचं आणि भिंतीला चिकटवायचं. निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. ही गोष्ट आराखड्यात धरलेली नव्हती. अमृताताई आणि मी खाली बसलो आणि ज्याचं त्याचं ऐकून लिहू लागलो. स्वप्न कोणतं आणि अपेक्षा कोणती हे काही जमेना. एका आजोबांनी सांगितलं, "बसायला बाकडं पायजे, गुडघे दुखत्यात." मी विचारलं, "बाबा, ही अपेक्षा का स्वप्न?" ते म्हणाले, "तीस वर्सं झाली, आता स्वप्नच लिव्ह."

रिक्षा चालवणारे एक भाई रोज पर्यटक आणतात, त्यांनाही मी बोलावलं होतं. ते म्हणाले, "लिखो साब, अंदर पीने को पानी नहीं रहता. बच्चे रोते, और गार्ड बोलता बाहर जाव." कुणी म्हणालं, पाट्यांवरची अक्षरं मुंगीएवढी आहेत. कुणी म्हणालं, रविवारी दुपारी एकला बंद का करता, आम्हाला रविवारीच सवड असते. बायकांनी सगळ्यांत जास्त वेळा काय लिहायला सांगितलं, ते व्यासपीठाच्या मर्यादेत सांगतो. महिलांचं स्वच्छतागृह आहे, पण त्याला कुलूप असतं. अकरा जणींनी वेगवेगळं तेच सांगितलं. एकीनं फार स्पष्ट शब्दांत सांगितलं. ते शब्द वहीत आहेत, जिज्ञासूंनी पाहावेत.

कडूबाई शेवटी बोलल्या. मला म्हणाल्या, "माझं एकच लिव्ह. माझ्या सासूचं चाडं कुठं हाय?"

शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. बैलांनी ओढायच्या पाभरीनं पेरणी करताना वरच्या बाजूला वाटीसारखं लाकडी भांडं असतं, त्याला तळाशी भोकं असतात. मागून चालणारी बाई मुठीतून त्यात बी सोडते आणि ते नळ्यांतून जमिनीत जातं. त्याला चाडं म्हणतात. चाड्यावर मूठ धरणं हे कौशल्याचं काम. मूठ सैल पडली तर दाट उगवतं, आवळली तर विरळ. साळूबाई ही कडूबाईंची सासू, तिची मूठ पंचक्रोशीत नावाजलेली. ती वारली आणि त्याच वर्षी आमची जीप दारात आली.

मी कडूबाईंना म्हणालो, "आहे की दालनात. जपून ठेवलंय." त्या म्हणाल्या, "मी बघाया आले होते, लई वर्सं झाली. लेकीला घेऊन. फाटकावर एक जण बसला होता. त्यानं मान बी वर केली नाय. म्हनला, सोमवारी बंद असतं, पाटी वाचा. म्या म्हनलं, मला वाचता येत नाय. तर म्हनला, मग लेकीला वाचाया लावा."

सभागृहातल्या बंधुभगिनींनो, तो फाटकावर बसलेला माणूस कोण होता हे मी तिथं विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. त्या काळात सोमवारची पाळी माझी असायची, आणि ते पाटीचं वाक्य माझंच होतं. फार हुशारीचं वाटायचं मला ते. मघाशी ज्यांनी मला निष्ठावान म्हटलं, त्यांच्या माहितीसाठी ही नोंद करून ठेवतो.

मी खाली मान घालून चिठ्ठी लिहीत होतो तेवढ्यात गुप्ते साहेब आले. चाडं म्हणजे काय, त्यांनी विचारलं. कडूबाई सांगू लागल्या आणि सांगता सांगता उठल्या. टेबलावर बडीशेपेची वाटी होती ती त्यांनी उचलली, मूठ भरली आणि त्या हॉटेलच्या गालिच्यावरून चालत निघाल्या. एका लयीत पाऊल, एका लयीत मूठ.   वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी थांबले. त्या भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. गालिच्यावर बडीशेपेची सरळ ओळ पडली होती, दाणा दाण्यापासून सारखा. मी पुढं चारेक महिने त्या ओळीचा विचार करत होतो.

गुप्ते साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. ते म्हणाले, "हे आपण होलोग्राम करू." कडूबाईंनी मला विचारलं, "काय करू म्हनतोय?" मी म्हणालो, "तुमची सावली दाखवणार." त्या म्हणाल्या, "आन् मी जित्ती हाय की."

सभा संपली. साहेबांना विमान गाठायचं होतं. त्यांनी भिंतीचे दोन फोटो घेतले. मी विचारलं, "साहेब, या चिठ्ठ्यांचं काय करायचं?" ते म्हणाले, "डेटा घेतलाय. त्या टाकून द्या." एकशे त्रेसष्ट चिठ्ठ्या होत्या. एसीच्या वाऱ्यानं निम्म्या खाली पडल्या होत्या, हॉटेलचा माणूस झाडू घेऊन आला होता. मी त्याला म्हणालो, थांब बाबा, आणि एकेक वेचून पिशवीत घातली.

टाकळीकर सरांनी नोंदवहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं नियम लिहिले आहेत. सातवा नियम असा की लोकांनी संग्रहालयासाठी म्हणून आपल्या हातानं जे दिलं, त्याची नोंद करावी, आणि एकदा नोंद झाली की संपूर्ण मंडळाच्या लेखी ठरावाशिवाय ती वस्तू काढून टाकता येणार नाही. आता मला सांगा, चिठ्ठ्या लोकांनी दिल्या होत्या का? दिल्या होत्या. संग्रहालयासाठी दिल्या होत्या का? त्याचसाठी हॉटेल घेतलं होतं. मग माझ्यासारख्या नोकरानं काय करावं?

मी नोंद केली. क्रमांक चार हजार आठशे बारा ते चार हजार नऊशे चौऱ्याहत्तर. प्रत्येक चिठ्ठीच्या मागं मऊ पेन्सिलीनं क्रमांक घातला, वहीत वर्णन लिहिलं. कागद, पिवळा, चौकोनी, एका कडेला डिंक, मजकूर अमुक, देणाऱ्याचं नाव अमुक. तीन दिवस लागले. अमृताताईंनी प्रत्येक पानावर अभिरक्षक म्हणून सही केली. मी त्यांना म्हणालो, "ताई, तुमची नोकरी कराराची आहे, विचार करा." त्या म्हणाल्या, "काका, हे कागद संग्रहात घेण्याच्या लायकीचे नाहीत असं मला लिहून द्या, मग नाही करत." मला तसं लिहिता आलं नाही.

आणि याच कामात मला आणखी एक गोष्ट सापडली. कडूबाईंच्या चिठ्ठीपुढं मूळ वस्तूचा क्रमांक लिहायला म्हणून मी चौऱ्याण्णव सालची वही काढली. सरांचं अक्षर, "चाडे, लाकडी. दात्री कडूबाई फरकाडे. सासू साळूबाई यांच्या वापरातले." मग दालनात गेलो. तिथं पाटीवर काय होतं? "अभिषेकपात्र. धार्मिक विधीसाठी. काळ अनिश्चित." भोकं दिसली, कुणा तज्ज्ञाला अभिषेक सुचला. पुढं एका अभ्यासकांनी त्या भोकांच्या संख्येवर निबंध वाचला, याच सभागृहात, खुर्च्या मीच मांडल्या होत्या. वही एका खोलीत, पाटी दुसऱ्या खोलीत, मधे एक भिंत. त्या भिंतीला दार आहे आणि त्या दाराची किल्ली सोळा वर्षं माझ्या खिशात होती. मी दर आठवड्याला त्या काचेवरची धूळ पुसली, पाटी एकदाही वाचली नाही. दुसऱ्याला पाटी वाचा म्हणणारा मी.

असो. दीड महिन्यानं अहवाल आला. फार देखणा. त्यात जनतेचा कौल असा होता की अडुसष्ट टक्के लोकांना "अनुभव कॅफे" हवा आहे, आणि त्यासाठी लोकजीवन दालन रिकामं करून त्यातल्या वस्तू चिकलठाण्याच्या एका गोदामात "सुरक्षित विसावा" घेतील. मी गुप्ते साहेबांना फोनवर विचारलं, "साहेब, कॅफे तर एकाही चिठ्ठीवर नाही." साहेब फार सौम्य आहेत, रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, "नरवडे, लोकांना शब्द माहीत नसतात. बाक मागतात म्हणजे त्यांना कॅफे हवा असतो. पाणी मागतात म्हणजे कॅफेच. स्वच्छतागृह कॅफेतच येतं." मी विचारलं, "आणि सासूचं चाडं?" ते म्हणाले, "ते स्मरणवस्तूंच्या दुकानात."

खरंच, जनतेला काय हवं ते जनतेला विचारून कसं कळणार?

मंडळाची बैठक झाली. पाणी द्यायला मी होतो, म्हणून साक्षीदार आहे. अध्यक्षसाहेबांनी अहवाल पुढं ठेवला आणि विचारलं, "कुणाची हरकत नाही ना?" हा प्रश्न ते नेहमी कागद आवरता आवरता विचारतात. अमृताताई इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. "साहेब, जनतेचे मूळ कागद संग्रहात आहेत. सातव्या नियमाखाली नोंद आहे. वाचू का?"

साहेब म्हणाले, "सारांश वाचा."

त्या म्हणाल्या, "सारांश अहवालात आहे, साहेब. कागदांत मूळ शब्द आहेत."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. चार हजार आठशे बारा, कागद गुलाबी, बाकडं पाहिजे. चार हजार आठशे तेरा, कागद पिवळा, पाणी पाहिजे. आवाज चढवला नाही, टिप्पणी केली नाही. एकशे त्रेसष्ट चिठ्ठ्या वाचायला एक तास दहा मिनिटं लागली. कचोऱ्या निवल्या. मंडळातले सर्वांत ज्येष्ठ विश्वस्त, जे बैठकीत नेहमी डोळे मिटून चिंतन करतात, ते स्वच्छतागृहाच्या सातव्या चिठ्ठीला जागे झाले आणि त्यांनी विचारलं, "पण त्याला कुलूप का आहे?"  मला विचारलं. मी म्हणालो, "साहेब, चार वर्षांपूर्वी एका पाहुण्यांसाठी रंग दिला होता. तो खराब होऊ नये म्हणून."

 मग ठराव झाला. दालन हलवण्याचा विषय पुढील विचारासाठी तहकूब. रविवारी दिवसभर खुलं. कुलूप काढलं. दालनात बाक आणि पाण्याची सोय. पाट्या नव्यानं. आणि कॅफे? कॅफे होणारच आहे, फाटकाजवळ, लहानसा. कारण भूमिपूजनाची तारीख आधीच दिलेली होती, आणि जनतेला नाही म्हणता येतं, तारखेला येत नाही.

मला आठवड्यानं कारणे दाखवा नोटीस मिळाली. "टाकाऊ कागदांची नोंद करून नोंदवहीची सतरा पाने वाया घालवली, याचा खुलासा करावा." मी एका ओळीत खुलासा दिला की पानं वाया गेली असं मंडळाला वाटत असेल तर सातव्या नियमाप्रमाणं ठराव करावा. ठराव अजून व्हायचा आहे. नोटीसही मी नोंदवून घेतली आहे.

जानेवारीत कडूबाईंना बोलावलं. दालन उघडून त्यांना काचेपाशी नेलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "पालथं हाय."

तीस वर्षं आपण ते पालथं मांडलं होतं, भोकं दिसावीत म्हणून. अमृताताईंनी काच काढली. कडूबाईंनी चाडं उचललं, सुलटं केलं, आत अंगठा फिरवला. कडेला एका जागी लाकूड झिजून खोलगट झालं आहे. त्या म्हणाल्या, "हितं तिची मूठ टेकायची. माझी मूठ लहान, माझी हितं पोचायची नाय." आणि त्यांनी ते जागेवर ठेवलं. मी त्यांना फाटकावरच्या सोमवारचं सांगितलं, तो मीच होतो म्हणून. त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय. हाटेलात आल्याआल्या वळखलं." मी विचारलं, मग तिथं बोलला का नाहीत? "तू लिव्हत होता ना माझं," म्हणाल्या. "लिव्हनाऱ्याला मधीच कशाला टोकायचं."

पाटीवर आता त्यांनी सांगितलेलं आहे. "चाडं. ह्यातून बी पेरत्यात. साळूबाईच्या हातचं." एका विश्वस्तांनी सूचना केली की 'पेरत्यात' अशुद्ध आहे. आम्ही सूचनेची नोंद घेतली.

माझी पाच मिनिटं केव्हाच संपली हे सूत्रसंचालकांच्या घड्याळाकडं न बघताही मला कळतंय. एवढंच शेवटचं. अमृताताईंचा करार या महिनाअखेर संपतो. नवा करार तयार आहे, अध्यक्षसाहेबांच्या सहीसाठी पाच आठवड्यांपासून थांबला आहे. साहेब फार व्यस्त असतात. म्हणून मी आज तो कागद सोबत आणला. पण साहेब नेहमी म्हणतात, जनतेला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. तेव्हा विचारतो. अमृताताई या संग्रहालयात राहाव्यात असं ज्यांना वाटतं, त्यांनी कृपया हात वर करावा.

थांबा, मोजतो. पहिल्या रांगेत दिसत नाही कुणाचा, तिथं निमंत्रित आहेत. दुसरी रांग, नऊ. तिसरी, बारा. कडूबाई, तुम्ही दोन्ही हात वर केलेत, एकच धरतो. भिंतीला टेकलेले आमचे पहारेकरी, तुम्हीही जनताच आहात, भिऊ नका. हं. एकूण चौऱ्याण्णव. व्यासपीठावर एक, ज्येष्ठ विश्वस्त. गुप्ते साहेब, आपलाही? मनापासून आभारी आहे. आणि अध्यक्षमहाराज, आपला हातही वर गेलेला मी पाहिला. चष्मा सावरायला गेला असेल, तरी मी मोजला. सत्त्याण्णव.

संस्थेनं मला पोटापाण्याला लावलं, शाल दिली, एवढा वेळ ऐकून घेतलं, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. सहकाऱ्यांनी मला सहन केलं, दूरवरून माणसं आली, त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर ते चुकून झालेलं नाही, पण क्षमा मात्र अगदी मनापासून मागतो. वयानं मोठ्यांनी पदरात घ्यावं, लहानांनी विसरून जावं. कागद अध्यक्षसाहेबांच्या समोर ठेवतो आहे, पेन उघडून ठेवलं आहे. हा माईकही त्यांच्याजवळ ठेवतो आणि खाली, तिसऱ्या रांगेत, कडूबाईंच्या शेजारी जागा आहे तिथं जाऊन बसतो.

जय भीम. नमस्कार.